खांदे बघणाऱ्या बाई

माझी पर्स मला न विचारता टेबलावर उलटी करणारी व्यक्ती माझ्या आयुष्यात एकच झाली, आणि तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम चार मिनिटं झाली होती.

लालबागला आईचा मसाला कांडून आणायला गेले होते. भाजलेली मिरची, धणे, रिकामा डबा असं सगळं सांभाळत गिरणीच्या रांगेत उभी असताना ऑफिसच्या पर्सचा पट्टा खटकन तुटला. गिरणवाल्या काकांनी तोंडावरचा फडका न काढता शेजारच्या दाराकडे मान वळवली. "बाईंकडे जा. पण घाई असेल तर जाऊ नका."

चाळीच्या तळमजल्यावरची ती एक खोली. मध्ये मोठं टेबल, भिंतीला चामड्याच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात कुठल्याशा भंगारातून उचललेला सलाईनचा स्टँड, त्याला चार तयार पिशव्या टांगलेल्या. टेबलामागे साठीच्या पुढच्या एक ठेंगण्या बाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर सुती साडी आणि तिच्यावर जाड निळा एप्रन. मी पर्स पुढे केली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"डावा खांदा कधीपासून उतरलाय?"

"पट्टा तुटलाय," मी म्हटलं.

"पट्टा आत्ता तुटला. खांदा आधीचा आहे."

आणि पर्स उलटी. त्यातून दोन छत्र्या निघाल्या, पैकी एक मोडकी. सोडून दिलेल्या भाड्याच्या घराच्या किल्ल्या, मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, तीन वर्षांपूर्वीची डायरी, एक स्टीलचा चमचा. बाईंनी गिरणीतून काटा मागवून घेतला आणि सगळं वजन केलं. दोन किलो दोनशे. मग मला म्हणाल्या, "रोज लागतं तेवढंच बाजूला काढ." मी काढलं. तीनशे ग्रॅम भरलं.

"बाकीची भीती," बाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. मी वाकून वाचलं. वर ठळक अक्षरात 'केसपेपर' असं होतं. नाव, पत्ता, वय. तक्रार : पट्टा तुटणे. तपासणी : डावा खांदा एक बोट खाली. शेवटी शेरा : रुग्ण छत्र्या बाळगतो.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला वीतभर रुंदीचीही नसेल अशी एक पिशवी दिली. मी विचारलं, "मग बाकीचं सामान कुठे ठेवू?"

"घरी. घर कशाला असतं?"

बाईंनी तीस वर्षं परळच्या एका इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. अधू पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे, एक टाच उंच असलेले बूट, मणक्याचे पट्टे हे त्यांचं काम. तिथे त्या एकट्याच बाई. कोणी वॉर्डातल्या आयाबायांसारखं 'मावशी' म्हटलं तर वळूनही बघत नसत. "मावशी वॉर्डात. मी कारागीर." म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायला लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्याच खोलीत टेबल मांडलं आणि पिशव्या शिवायला घेतल्या. बटवा असो, लॅपटॉपची बॅग असो, त्यांच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द, पिशवी. इस्पितळ मात्र डोक्यातून गेलं नव्हतं. गिऱ्हाईक हा शब्द त्या क्वचितच वापरत. "बाहेर कोण पेशंट आलंय बघ," म्हणत.

मी शनिवारी शनिवारी त्यांच्याकडे जायला लागले. आधी नुसती बघायची. मग एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून दोन्हीकडून टाका घालायला शिकले. बाई दोऱ्याला मेण चोळत बाजूला बसायच्या आणि माझ्या टाक्यांवर नजर ठेवायच्या. "हा टाका रागात घातलास. उसव." रागात घातलेला टाका त्यांना कसा कळायचा, देव जाणे. पण बहुतेक वेळा खरं असायचं.

वर्षभराने मी फोर्टातली इन्शुरन्सची नोकरी सोडली. गिरगावात आमच्या घरी आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एकच वाक्य बोलली, "चांगली खुर्ची सोडून चामडं?" बाईंना हे सांगायला मी मोठ्या उत्साहाने गेले, तर त्या रापी दगडावर घासत होत्या. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. घासणं न थांबवता म्हणाल्या, "माका विचारून सोडलंस काय?" बाईंना काही मनाला लागलं की मालवणी आपोआप बाहेर यायची. मग बराच वेळ घासून झाल्यावर म्हणाल्या, "स्टूल तुझं तू आण. माझं एकच आहे."

पुढे मी धंद्याचं बाहेरचं बघायला लागले. फोटो काढणं, इन्स्टाग्रामवर टाकणं, कुरियर, प्रदर्शनं. आमच्या भिंतीपलीकडे दिवसभर मिरची कांडली जाई आणि तिचा वास चामड्यात मुरायचा. बंगळुरूच्या एका मुलीने लिहिलं, "बॅग फार सुंदर आहे, पण उघडली की शिंका का येतात?" मी घाबरून बाईंना वाचून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "लिही, कसर लागणार नाही."

गिऱ्हाइकांना परत पाठवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. एक गृहस्थ पँटच्या मागच्या खिशात ठेवायला पाकीट मागायला आले. बाईंनी त्यांना त्यांच्या जुन्या पाकिटासकट स्टुलावर बसवलं, मागून बघितलं आणि मला बोलावून दाखवलं, "बघ, एका बाजूला कसे कलंडलेत." ते गृहस्थ लाजून लालबुंद. मागच्या खिशाचं पाकीट करणार नाही म्हणजे नाही, असं बाईंनी सांगितलं. शेवटी पुढच्या खिशातलं पाकीट घेऊन ते गेले आणि पुढच्या महिन्यात आपल्या तीन मित्रांना घेऊन आले, कलंडलेत का ते बघायला.

गणपतीत चाळीचे सेक्रेटरी जरा संकोचत दारात आले. मंडप अगदी समोर आहे, दहा दिवस चामड्याचं काम बंद ठेवता येईल का, लोक बोलतात. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आरतीला ढोलकी कोण वाजवणार?"

"मीच की."

"तिला काय पुठ्ठा लावलाय?"

सेक्रेटरी गेले. संध्याकाळी ढोलकी घेऊन परत आले. तिची एक बाजू सैल पडली होती. बाईंनी ती ताणून दिली आणि विषय संपला.

आता बाई कणकवलीजवळ त्यांच्या गावी असतात. बोटांचे सांधे दुखायला लागले तेव्हा एक दिवस स्वतःचाच केसपेपर लिहिला, 'उपाय : काम बंद' असा शेरा मारला आणि भावाकडे निघून गेल्या. खोली मी चालवते. लोक विचारतात, बाईंकडून काय शिकलात? मी टाके वगैरे सांगते. पण मला खरं आठवतं ते कोकमी रंगाचं प्रकरण, आणि ते थोडक्यात सांगता येत नाही.

झालं असं, की बाई एका रंगाच्या प्रेमात पडल्या. एरवी त्यांचे रंग दोनच, काळा आणि तपकिरी. एका व्यापाऱ्याने दिलेली नवीन बाटली उघडली आणि त्या हरखून गेल्या. "सुकवलेल्या कोकमाच्या सालीसारखा आहे गो!" त्या रंगाच्या आम्ही तेवीस पिशव्या केल्या. हातोहात खपल्या. फोर्टातल्या एका मोठ्या दुकानाने फोटो बघून विचारणा केली, दिवाळीसाठी साठ पिशव्या हव्यात, याच रंगात. त्या दुकानाच्या मागे मी वर्षभर लागले होते. त्या दिवशी मी आईसाठी पेढे नेले.

मग जुलैच्या दमट हवेत एका शाळेतल्या शिक्षिकेचा फोन आला. पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल पट्टा उमटला होता. बाईंनी उरलेला एक तुकडा घेतला, रुमालाचं टोक ओलं करून चोळलं. रुमाल लाल झाला. रंग नुसता वर बसला होता, आत मुरलाच नव्हता.

"त्यांची बदलून देऊ," मी म्हटलं. "आणखी कोणी कळवलं तर त्यांचीही देऊ."

"आणि ज्यांनी कळवलं नाही ते?"

"कळवलं नाही म्हणजे त्यांची ठीक असेल, बाई."

बाईंनी लाल झालेला रुमाल टेबलावर पसरला. मग त्यांनी मला एका मुलीची गोष्ट सांगितली. इस्पितळात लागून तिसरं वर्ष असेल तेव्हाची. सात वर्षांची मुलगी, जन्मापासून मणक्याचा आजार, पायांना स्पर्श कळत नाही. बाईंनी तिच्या कॅलिपरचा पट्टा शिवला. आतल्या बाजूला दोऱ्याची एक गाठ राहून गेली, ज्वारीच्या दाण्याएवढी. तीन आठवड्यांनी मुलगी तपासणीला आली. खूश होती, चालून दाखवत होती. पट्टा सोडला तर खाली जखम, बोट जाईल एवढी.

"दुसऱ्या पोरीनं रडून जीव घेतला असता माझा, आणि ते बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "ही हसत होती गो. तिला दुखतच नव्हतं."

ती जखम भरायला दोन महिने लागले. तेव्हापासून बाई दर रविवारी पेशंटांच्या घरी जाऊन पट्टे तपासायच्या. वर्कशॉपातले लोक हसायचे. घरी जायचं तर पत्ता हवा, म्हणून केसपेपर.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने निघालो. बाईंच्या हातात केसपेपरांचा गठ्ठा, माझ्याकडे पाण्याची बाटली आणि पांढऱ्या रुमालांची चवड. घराघरात जायचं, पिशवी मागायची, ओला रुमाल चोळायचा, लाल झाला की पिशवी ताब्यात घेऊन माफी मागायची. माफी मागताना बाई एवढ्या कडक आवाजात बोलायच्या की समोरच्याला वाटावं चूक आपलीच आहे.

गिरगावात एका वाडीत एका काकूंनी पिशवी प्लॅस्टिकसकट कपाटातून काढली. एकदाही वापरली नव्हती, जपून ठेवली होती. बाईंचा रंगावरचा राग राहिला बाजूला. "मी ही मुरांबा घालायला दिली होती काय?" दादरला एक निवृत्त प्राध्यापक पिशवी द्यायलाच तयार होईनात. "माझ्या शर्टाचं काय व्हायचं ते होऊ दे, मला ही लागते." बाईंनी पट्टा एका बाजूने धरला, प्राध्यापकांनी दुसऱ्या बाजूने. शेवटी बदली म्हणून बाईंनी आपली स्वतःची पिशवी त्यांच्या गळ्यात घातली तेव्हा सुटका झाली. परळच्या एका मुलीने सांगितलं, पिशवी मित्राला दिली होती आणि मित्राशी आता बोलणं नाही. बाईंनी त्याचा पत्ता घेतला. पिशवी तर आणलीच, वर परत येऊन त्या मुलीला सांगितलं, "बरं केलंस. मुलगा पोक काढून बसतो."

मुंबईबाहेरच्या चार कुरियरने मागवल्या. तेवीसपैकी बावीस आल्या. पट्टे आणि मागची बाजू नव्याने करायची, जुन्या तपकिरी रंगात, आणि परत पोचवायच्या. हे सगळं होत असताना फोर्टातल्या दुकानाचा फोन आला. मी खोलीत नव्हते. बाईंनी उचलला आणि सांगून टाकलं, "तो रंग वाईट आहे. कपडे खराब करतो. तपकिरी हव्या तर सांगा, पण दिवाळीला जमणार नाही, मी सध्या जुन्या दुरुस्त करते आहे." त्यांनी साहजिकच ऑर्डर काढून घेतली.

मी खूप बोलले. आजही त्यातली काही वाक्यं आठवली की कानशिलं तापतात. मी नोकरी सोडली ती काय घरोघरी रुमाल घासत फिरायला? दुकानाशी मी नीट बोलले असते, दुसरा चांगला रंग शोधला असता. तुम्हाला धंदा करायचाच नाहीये, तुम्हाला इस्पितळ चालवायचंय. बाई ऐकून घेत होत्या. मी थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "तेविसावा कागद मिळत नाहीये. तुझ्याकडे आहे काय?"

मी स्टूल उचललं आणि घरी आले. गिरगावापर्यंत टॅक्सीत मांडीवर स्टूल घेऊन बसले होते. टॅक्सीत बसल्याबसल्याच मला आठवलं, की तेविसावा कागद मिळणार नाही, कारण तो लिहिलाच गेला नाही. दादरला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, शेवटच्या दिवशी गर्दी होती, बाई जेवायला गेल्या होत्या. एका बाईंना पिशवी आवडली, त्यांनी रोख पैसे दिले, मी पिशवी दिली. नाव विचारलं नाही, पत्ता नाही. चेहराही आठवत नव्हता.

हे फोन करून सांगायला हवं होतं. पंधरा दिवस मी ते केलं नाही. जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे जागा आहे का तेवढं विचारून ठेवलं.

मग आईचा मसाला संपला म्हणून, किंवा आईने तसं सांगितलं म्हणून, मी लालबागला गेले. बाईंच्या दाराला कुलूप. गिरणवाल्या काकांनी फडका खाली घेतला. "त्या रोज चार वाजता दादरला जातात. तुम्हाला माहीत नाही?"

"कशाला?"

"पिशवी शोधायला. प्रदर्शन झालं त्या हॉलसमोर बसतात म्हणे. आमचा माणूस बघून आला."

मी मसाला तिथेच ठेवला आणि दादर गाठलं. हॉलसमोर फुलवाल्याच्या शेजारी एका उलट्या क्रेटवर बाई बसल्या होत्या. मांडीवर रुमाल, बाजूला पाण्याची बाटली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नजर बरोबर एका उंचीवर, खांद्याखांद्यावरून सरकत होती, मापाची टेप फिरवावी तशी.

मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"कागद मी लिहिलाच नव्हता, बाई."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी जेवायला गेले होते तेव्हाचीच ती असणार. तुझ्या हातचा एक टाका तिच्यात वाकडा होता. मला ती लांबूनही ओळखू येईल. तू त्या बाजूला बघ, मी या."

फुलवाल्याने मला दुसरा क्रेट दिला. पुढचे आठ दिवस आम्ही तिथे बसलो. त्या दिवशी काय बोललो होतो, कोण चुकलं, याचा एक शब्द निघाला नाही. बाई मधूनमधून मला माणसं दाखवायच्या. "तो बघ, उजवा खांदा. बँकेत असणार." "ही मुलाला कडेवर घेऊन घेऊन अशी झाली." मला वाटायला लागलं होतं की ती पिशवी आता मिळत नाही, आणि बाई म्हातारपणी रोज इथे बसणार आणि त्याला कारण मी.

नवव्या दिवशी बाई एकदम उठल्या आणि पळायला लागल्या. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत त्यांनी एका चाळिशीच्या बाईंना गाठलं आणि मागून खांद्यावरचा पट्टा धरला.

"चोर! चोर!" त्या बाई किंचाळल्या.

क्षणात गर्दी. कोणीतरी बाईंचा दंड पकडला. दुसरा म्हणाला, बघा, या वयाच्या बायकासुद्धा आता! नाक्यावरचे हवालदार आले. मी गर्दीत घुसून सांगायचा प्रयत्न करत होते, पण माझं कोण ऐकतो? बाईंनी मात्र पट्टा सोडला नव्हता. मोकळ्या हाताने त्यांनी ओला रुमाल काढला, पट्ट्यावर खसखसून चोळला आणि हवालदारांच्या नाकासमोर धरला. रुमाल लालभडक झाला होता.

"बघा! रंग जातो! चूक माझीच आहे!"

स्वतःची चूक सिद्ध करून एवढं खूश झालेलं माणूस हवालदारांनी नोकरीत पाहिलं नसावं. ते एकदा रुमालाकडे, एकदा बाईंकडे बघत राहिले. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तेवीस पिशव्या, कोकमी रंग, प्रदर्शन. गर्दी हसायला लागली आणि पांगली. पिशवीच्या मालकीणबाईंनी आपल्या ओढणीचा कडेचा भाग उलटा करून दाखवला. तिथे लाल डाग होते, धुऊन धुऊन फिके झालेले.

"मला वाटलं माझ्याच कुठल्या तरी कपड्याचा रंग लागतोय," त्या म्हणाल्या. "सगळ्या ओढण्या वेगवेगळ्या धुवायला लागले होते."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी त्या ओढणीचं टोक हातात घेतलं आणि बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिल्या, जणू आत्ताच जाईल. मग त्या बाईंना हात जोडले. त्यांची या प्रकरणातली ही एकमेव माफी, जी हळू आवाजात मागितली गेली. त्या बाई गोंधळून "अहो, असू दे, असू दे," म्हणत राहिल्या आणि पिशवी रिकामी करायला लागल्या.

हवालदारांना मात्र नोंद पूर्ण हवी होती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण यांच्या? मुलगी?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही एकत्र काम करतो."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. "करत होतो, की करतो? नीट सांग. पोलिसासमोर खोटं नको."

"करतो," मी म्हटलं.

"मग त्यांचा पत्ता लिहून घे," बाई म्हणाल्या, आणि तेविसावी पिशवी माझ्या हातात देऊन लालबागच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.